नळीमागची अक्षरं

टक्.

एवढाच आवाज. भाजलेला हरभरा दाढेखाली फुटावा, तसा. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात इसाउरोदादांनी डोळ्यांच्या थेंबांची बाटली चिमटीत धरली, काउंटरवरच्या कपातून टाचणी उचलली आणि बाटलीच्या मिटलेल्या चोचीला भोक पाडलं. मग बाटली उलटी करून पहिला थेंब फरशीवर पाडला, टोपण बसवलं आणि बाटली मोठ्या अदबीनं माझ्यापुढे धरली. "घ्या शेजारीणबाई. आता घरी जाऊन कात्री शोधायला नको. पैसे औषधाचे, भोक आमच्याकडून यापा." आमच्या ग्वायाकिल शहरात यापा मिळाली नाही तर गिऱ्हाईक दुकान बदलतं. भाजीवाली जुडीवर चार काड्या कोथिंबीर टाकते, पाववाला मोजून झाल्यावर एक पाव पिशवीत सरकवतो, कापडवाला चार बोटं जास्तीची सोडून कात्री लावतो. जे मागितलं नाही आणि ज्याचा हिशेब नाही ते म्हणजे यापा. औषधवाल्यानं काय द्यावं? गोळी जास्तीची देता येत नाही. म्हणून आमच्याकडचे सगळे औषधवाले बाटलीचं तोंड उघडून देतात. हा आवाज मी जन्मभर ऐकत आले होते. लहानपणी आईच्या बोटाला धरून ऐकला, मोठेपणी रांगेत उभी राहून ऐकला, आणि कधीच ऐकला नाही. त्या दिवशी मात्र माझी नजर टाचणीच्या मागं गेली. टाचणी परत कपात गेली. कपात कापूस होता, कापसावर गुलाबी जंतुनाशकाचं पाणी होतं, आणि कापसाच्या कडेला एक तुकतुकी होती. शिळ्या भातावर येते तशी. ती तुकतुकी मी ओळखते: जंतूंचा थर. शिळ्या जंतुनाशकातही काही जंतू तग धरतात. माझं सगळं आयुष्य तिच्यावर नजर ठेवण्यात गेलं आहे.

"हे पाणी कधी बदलता, दादा?" मी विचारलं. आवाज शक्य तेवढा सहज ठेवला. "बदलायचं कशाला? कमी झालं की वरून ओततो," इसाउरोदादा म्हणाले. "जंतुनाशक आहे ते, डॉक्टरबाई. तुम्हीच लोक आम्हाला सांगता ना, स्वच्छता ठेवा म्हणून? दुसरे औषधवाले टाचणी शर्टाच्या कॉलरला टोचून ठेवतात. मी जंतुनाशकात ठेवतो." आणि ते छाती फुगवून हसले. सत्तरी ओलांडलेला माणूस, गल्लीतल्या प्रत्येक पोराच्या गुडघ्याला कधी ना कधी यांनीच पट्टी बांधलेली. त्यांना दुकानात उभं राहून काय सांगणार? मी पैसे दिले आणि बाहेर कमानीखाली आले.

बाहेर ऊन असं होतं की रस्ता डोळ्यांपुढे हलत होता. नदीला भरती लागली होती. जलपर्णीची हिरवी बेटं समुद्राकडून उलटी, वरच्या दिशेनं चालली होती. ही नदी दिवसातून दोनदा आपलं म्हणणं फिरवते. मी बाटली मुठीत घट्ट धरून चालत होते आणि माझ्याच डोक्यातली एक गोष्ट उलटी वाहायला लागली होती. मी सरकारी प्रयोगशाळेत काम करते. शहरातल्या दुकानांतून विकत आणलेलं डोळ्यांचं औषध आमच्याकडे येतं आणि त्यात एकही जिवंत जंतू नाही ना, हे आम्ही तपासतो. आमचा माणूस दुकानात जातो, सीलबंद खोकी मागतो, आणि त्याला पढवलेलंच असतं, की "उघडू नका" असं आधी सांगायचं. म्हणजे इतकी वर्षं जे आम्ही तपासत होतो, ते कुणाच्याच डोळ्यात पडत नव्हतं. लोकांच्या डोळ्यात पडत होतं ते यापासकट. रस्त्याच्या मधोमध मी थांबले असेन, कारण एका टॅक्सीवाल्यानं खिडकीतून डोकं काढून विचारलं, "आजीबाई, इथंच मुक्काम करायचा विचार आहे का?"

हे औषध नेरेइदासाठी होतं. माझ्या थोरल्या बहिणीची नात. मला ती मावशीआजी म्हणते. ग्रोसेयाच्या झाडावर आंबट फळांसाठी चढली आणि काडी डोळ्याला लागली. नुसता ओरखडा. डॉक्टरांनी खबरदारी म्हणून थेंब दिले. डोळा बरा व्हायचा तो लाल होत गेला. थेंब वाढवले, डोळा आणखी लाल. मग बुबुळाच्या कडेला एक पांढरा ठिपका दिसायला लागला, आणि आमच्या ताईनं छातीवर क्रूस काढून म्हटलं, "पोरीच्या डोळ्यात फूल पडलं." इस्पितळातल्या डॉक्टर साल्तोसबाईंनी डोळ्यातलं पाणी कापसाच्या काडीवर घेऊन तपासायला पाठवलं. उत्तर आलं: काहीही उगवलं नाही. जंतू नाही म्हणजे मग काय आहे? बाई तरुण होत्या, हुशार होत्या आणि घाबरल्या होत्या. मला बाजूला घेऊन त्या म्हणाल्या होत्या, "शुक्रवारपर्यंत बघू. ठिपका असाच पसरत राहिला तर डोळा आतून फुटेल. त्याच्या आत तो काढावा लागेल." काढावा लागेल. दात काढावा लागेल म्हणतात, तसं. ताईचा गुडघा सुजला म्हणून त्या दिवशी बाटली आणायला मी गेले. नाहीतर रोज ताईच जायची, रोज तिच्यासाठी टक् व्हायचं, आणि ती इसाउरोदादांना दुवा देत घरी यायची.

घरात पडदे ओढलेले होते. नेरेइदा खाटेवर उताणी, कपाळावर ओला रुमाल. "मावशीआजी, तू आलीस. तुझ्या चपलेचा आवाज बदकासारखा येतो," ती म्हणाली. ताई बाटली घ्यायला हात पुढे करून उभी. मी बाटली दिली नाही. "हे घालायचं नाही," म्हटलं. "का?" "याचं तोंड दुकानात उघडलंय." "मग? नेहमीच उघडून देतात. किती भला माणूस आहे!" "भला आहे. टाचणी भली नाही." ताईच्या तोंडाचा पट्टा सुटला. "आउरिस्तेला, तासातासाला थेंब घालायला सांगितलेत. तुझं शिक्षण तुझ्या नळ्यांत ठेव. तुला वाटतं म्हणून पोरीचं औषध बंद करू? उद्या डोळा गेला तर तू देणार आहेस का तुझा?" मी म्हटलं, "देईन." तिला ते उत्तर अपेक्षित नव्हतं. मलाही नव्हतं. ती मटकन खाटेच्या कडेला बसली. मी दुसऱ्या पेठेत जाऊन सीलबंद बाटली आणली, दुकानदारानं टाचणीला हात घालायच्या आत हिसकावूनच घेतली, घरी सुई स्टोव्हच्या ज्योतीत लाल होईपर्यंत धरली, गार होऊ दिली आणि भोक पाडलं. नेरेइदानं चांगल्या डोळ्यानं सगळं बघितलं. "सुईला पण ताप आलाय का?" तिनं विचारलं. "नाही गं. सुईच्या अंगावरचे पाहुणे पळवून लावले." "पाहुणे दिसत नाहीत." "तेच तर," मी म्हटलं. "दिसले असते तर तुझ्या मावशीआजीला नोकरी कुणी दिली असती?"

पण माझं वाटणं म्हणजे पुरावा नव्हे. डॉक्टर साल्तोसबाईंना माझं वाटणं देऊन उपयोग नव्हता. त्यांना जंतू हवा होता. नाव, गाव आणि कोणत्या औषधानं मरतो ते. जुन्या बाटलीत तळाशी थोडं औषध उरलं होतं. ती घेतली, त्या दिवशीची नवी भोक पाडलेली बाटली घेतली, आणि परत इसाउरोदादांकडे गेले. "दादा, एक मागू? तो कपातला कापूस द्या मला." "कापूस?" ते हसत सुटले. "घ्या की! आजवर कुणी यापावर यापा मागितली नव्हती. टाचणी पण बांधून देऊ का?" त्यांनी कापूस कागदात गुंडाळून दिला. नवा कापूस घातला, आणि माझ्या देखत त्यावर जंतुनाशकाच्या त्याच जुन्या बाटलीतलं गुलाबी पाणी ओतलं. मी पुडी पिशवीत टाकली. बोलायला हातात काही असावं लागतं.

प्रयोगशाळेचा प्रमुख वॉशिंग्टन प्लुआस एकेकाळी माझ्या हाताखाली शिकला. आता तो माझा वरिष्ठ आहे आणि हे आम्ही दोघंही विसरलेलो नाही. त्यानं बाटल्यांकडे पाहिलं. "वापरलेल्या बाटल्या? आउरिस्तेलाबाई, उद्या कुणाचा टूथब्रश घेऊन याल." "परवा आणीन. आज या बाटल्या." "आपलं काम कारखान्याचा माल तपासणं." "कारखान्याच्या मालाला डोळे नाहीत, वॉशिंग्टन." त्यानं हात वर केले. "माझी हरकत नाही. पण शिस्तीत करा. साक्षीनळ्या लावा." तेवढं तरी मी त्याला नीट शिकवलं होतं.

आमचं काम सांगायला सोपं आहे. औषध एका बारीक गाळणीतून गाळायचं. गाळणी इतकी बारीक की जंतू वरच अडकतात आणि औषध खाली जातं. मग गाळणी स्वच्छ पाण्यानं धुवायची आणि जंतूंना आवडणाऱ्या सारात, काचेच्या नळीत, उबेत ठेवायची. जंतू असेल तर खाऊन-पिऊन वाढतो आणि सार गढूळ होतं. नसेल तर सार जसंच्या तसं, सोनेरी, पारदर्शक. गढूळपणा ओळखायला मी पूर्वी एक कार्ड केलं होतं. शाळेच्या फळ्यावर लिहितात तशा ठळक अक्षरांत त्यावर एकच वाक्य, आधी मोठं, मग लहान, मग त्याहून लहान: हिरवं इग्वाना झाडावर बसून ऊन खातं. नळीच्या मागं कार्ड धरायचं. अक्षरं वाचता आली तर नळी स्वच्छ. नवीन येणारी पोरं या घोरपडीएवढ्या सरड्याच्या वाक्याला हसतात आणि कामाला लागली की महिन्याभरात त्यांना ते झोपेतही पाठ असतं. शिकवायचं ते हसत शिकवलेलं बरं, हा माझा जुना हट्ट आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी उबेचं कपाट उघडलं. जुन्या बाटलीची नळी: इग्वाना ऊन खातं. नव्या बाटलीची नळी: इग्वाना ऊन खातं. सगळ्यांत लहान ओळसुद्धा स्वच्छ. गुरुवार उजाडला होता. उद्या शुक्रवार. वॉशिंग्टन माझ्या मागं उभा होता. त्याचा आवाज मऊ झाला होता. "बाई, औषध स्वच्छ आहे. तुमची नात आहे, मला कळतं. पण नळी खोटं बोलत नाही." मी मान हलवली. कपाट बंद करायला हात लावला. आणि तेव्हा माझी नजर साक्षीनळीवर गेली.

साक्षीनळी म्हणजे काय, ते मी गल्लीतल्या पोरांना संध्याकाळी पायरीवर बसून सांगितलं आहे, तेव्हा इथंही सांगते. एक नळी अशी ठेवायची जिच्यात औषध गाळलेली गाळणी घालायची आणि वर आपण होऊन, जाणूनबुजून, थोडे जिवंत जंतू टाकायचे. ती गढूळ व्हायलाच हवी. ती गढूळ झाली, की बाकीच्या नळ्यांच्या स्वच्छपणावर विश्वास ठेवायचा. मी साक्षीनळीमागं कार्ड धरलं. हिरवं इग्वाना झाडावर बसून ऊन खातं. मी डोळे चोळले, चष्मा पुसला, परत धरलं. ऊन खात होतं. माझ्या हातानं टाकलेले जंतू त्या नळीत होते, आणि नळी आरशासारखी होती. माझ्या आयुष्यात स्वच्छ नळी बघून इतका आनंद मला कधी झाला नव्हता. मी हसायलाच लागले. वॉशिंग्टन घाबरला, त्याला वाटलं म्हातारीचा तोल गेला. "बाई, बसा. पाणी आणू का?" "पाणीच आण," मी म्हटलं, "बादलीभर आण. नळी खोटं बोलते आहे, वॉशिंग्टन! खोटं बोलताना पकडली मी तिला!"

त्याला पटकन उमगलं नाही, तेव्हा मी त्याला तो माझ्याकडे शिकत असताना सांगायला हवं होतं तसं सांगितलं. "तुझ्या शाळेत गुरुजी वर्गात असताना शांतता असायची का?" "असायची." "पोरं शहाणी होती म्हणून?" तो हसला. "आम्ही? गुरुजींच्या हातात छडी असायची." "मग वर्ग कसा आहे हे कधी कळायचं?" "गुरुजी बाहेर गेले की." आणि एवढं म्हणून तो थबकला. त्याचा चेहरा मला परत विद्यार्थ्यासारखा दिसला, आणि ते दिसणं मला फार आवडलं. औषधच गुरुजी. औषध नासू नये म्हणून त्यात एक रसायन घातलेलं असतं; ते जंतूंना मारत नाही, दाबून ठेवतं. ते गाळणीला चिकटून राहिलं असेल, तर नळीतसुद्धा छडी घेऊन उभंच. परदेशी गाळण्या यायच्या बंद झाल्यापासून आम्ही दुसऱ्या गाळण्या वापरत होतो. त्यांना औषध जास्त चिकटत असणार. आणि त्याच क्षणी दुसरी गोष्ट, ऊन पडावं तशी, माझ्या अंगावर पडली: नेरेइदाच्या डोळ्यातलं पाणी घेतलं तेव्हाही डोळ्यात औषध होतंच! तासातासाला थेंब. त्या कापसाच्या काडीवरही गुरुजी बसून गेले होते. म्हणून काही उगवलं नाही. डोळ्यात जंतू होता. तो गप्प होता, एवढंच.

गुरुजींना वर्गाबाहेर काढायचं होतं. साध्या पाण्यानं भागणार नव्हतं. पाण्यात थोडा साबणासारखा पदार्थ घालावा लागतो, तो औषधाला धरून ओढून नेतो. उरलेलं औषध फार थोडं होतं. गाळणीवर ओतताना माझा हात अजिबात हलला नाही. धुतलं. परत धुतलं. तिसऱ्यांदा धुताना वॉशिंग्टन म्हणाला, "पुरे, बाई." मी म्हटलं, "तू नाकाचा शेंबूड पुसायला आईला कितीदा लावायचास?" आणि आणखी एकदा धुतलं. पाच नळ्या लावल्या: जुनी बाटली, नवी बाटली, प्रयोगशाळेत आलेली त्याच औषधाची एक सीलबंद बाटली, साक्षीनळी, आणि इसाउरोदादांचा कापूस. मग इस्पितळात गेले आणि डॉक्टर साल्तोसबाईंच्या दारात उभी राहिले. "उद्याचा दिवस मला द्या," म्हटलं. "फक्त उद्या संध्याकाळपर्यंत." त्यांनी सगळं ऐकलं, गुरुजींचीही गोष्ट ऐकली. त्या बराच वेळ पेन्सिलीनं टेबलावर ठक ठक करत राहिल्या. "संध्याकाळपर्यंत," शेवटी त्या म्हणाल्या. "त्यापुढे मी थांबणार नाही, आउरिस्तेलाबाई. थांबले तर मला स्वतःला माफ करता येणार नाही." मला त्या फार आवडल्या.

प्रतीक्षा ही माझ्या धंद्यातली सगळ्यांत कठीण कला आहे. जंतूला हाका मारता येत नाहीत. संध्याकाळी मी पायरीवर बसले. पोरं आली, कारण ती रोज येतात. त्यांना मी भागाकार शिकवला. चिरलेल्या केळ्याचे वाटे करून शिकवला, कारण खाता येतो तो भागाकार लवकर कळतो. एकानं विचारलं, "नेरेइदा कधी येणार?" मी म्हटलं, "लवकर." मनात म्हटलं, दोन डोळ्यांनी. लहानपणी मी टायफॉईडनं आजारी होते तेव्हा आई माझ्या खिडकीत एका बशीत गहू पेरायची, आणि म्हणायची, अंकुर आला की तू बरी होशील. मी दिवसभर त्या बशीकडे टक लावायची. अंकुर कधी आला ते मला कधीच दिसलं नाही. दर वेळी मी क्षणभर दुसरीकडे बघितलं की तो आलेला असायचा. मला वाटतं तिथंच मी या कामाला लागले. बशीतून काही उगवतं का ते बघायचं. फरक इतकाच, की इतर दिवशी मी काही उगवू नये म्हणून बघते, आणि त्या दिवशी, आयुष्यात पहिल्यांदा, जिवाच्या आकांतानं, उगवावं म्हणून बघत होते.

शुक्रवारी सकाळी मी कपाट उघडलं आणि कार्ड हातात घ्यायच्या आधीच मला कळलं. वास आला. गोडसर, पिकून पुढं गेलेल्या द्राक्षांचा. हा वास एकदा नाकात बसला की निघत नाही. जुन्या बाटलीची नळी पहिल्यांदा उचलली. कार्ड मागं धरलं. इग्वाना नव्हतं. झाड नव्हतं. ऊन नव्हतं. मोठ्या ओळीची नुसती सावली, आणि साराच्या वरच्या काठाला नदीच्या पाण्यासारखी हिरवट झाक. भोक पाडलेल्या नव्या बाटलीत तेच, जरा फिकट. कापसात तेच, भरभरून. साक्षीनळी गढूळ, आता खरं बोलणारी. आणि सीलबंद बाटलीची नळी मधोमध उभी, सोनेरी, स्वच्छ, तिच्यामागं सगळ्यांत लहान ओळीतलं इग्वाना निवांत ऊन खात बसलेलं. मी त्या पाच नळ्या खिडकीच्या उजेडात एका ओळीत लावल्या. मी देवळात गुडघे टेकते तेव्हासुद्धा माझं मन इकडेतिकडे असतं. त्या वेळी नव्हतं. "वॉशिंग्टन!" मी हाक मारली. इतक्या मोठ्यानं, की शेजारच्या खोलीतली माणसंही आली. वॉशिंग्टननं एकेक नळी उचलली, कार्ड धरलं, खाली ठेवली. मग माझा हात धरला आणि सगळ्यांच्या देखत त्याचं चुंबन घेतलं, लग्नात म्हातारीचं घेतात तसं. "आजवर आपल्याकडे नळी गढूळ झाली की शोककळा यायची," तो म्हणाला. "आज कुणीतरी पाव आणा रे, गोड पाव!"

गोड पाव मी खाल्ला नाही; काम उरलं होतं. नळ्या जरा धुकट दिसू लागल्या तेव्हापासूनच, आदल्या संध्याकाळी, वॉशिंग्टननं मला न सांगता त्यातला थेंब ताटलीत पसरून वर निरनिराळ्या औषधांच्या चकत्या ठेवल्या होत्या. मी पायरीवर केळी वाटत होते तेव्हा तो इथं होता. आता ताटलीत ते स्पष्ट दिसत होतं: नेरेइदाच्या थेंबांतल्या नुसत्या औषधाच्या, त्या रसायनाशिवायच्या, चकतीला जंतू अगदी खेटून वाढला होता, जणू उशीला टेकून बसलेला, आणि एका दुसऱ्या औषधाच्या चकतीभोवती स्वच्छ मोकळं रिंगण होतं, जत्रेत पैलवानाभोवती पडतं तसं. ताटली आणि नळ्या मांडीवर घेऊन मी इस्पितळात गेले. डॉक्टर साल्तोसबाईंनी ताटली उजेडात धरली आणि इतकंच म्हणाल्या, "अरे, मग तू इथं होतास." जंतूशीच बोलत असल्यासारख्या. ते दुसरं औषध एरवी सुईनंच देतात. त्याचे डोळ्यात घालायचे थेंब इस्पितळातच, जंतुमुक्त काचेच्या कपाटात, माझ्या देखत तयार केले. शस्त्रक्रियेची खोली त्या संध्याकाळी दुसऱ्या कुणाला तरी मिळाली.

इसाउरोदादांकडे मी दुसऱ्या सकाळी गेले, दुकान नुकतंच उघडत होतं तेव्हा. नळ्या घट्ट बुचं लावून, काचेच्या डब्यात घालून नेल्या होत्या. मला भीती वाटत होती, ते खरं. ज्या माणसानं आयुष्यभर फुकट दिलं त्याला, तुम्ही जे फुकट दिलंत त्यानं मुलीचा डोळा जात होता, हे कसं सांगायचं? मी सांगितलंच नाही. मी कार्ड त्यांच्या हातात दिलं. "वाचा," म्हटलं. सीलबंद नळी. त्यांनी वाचलं: "हिरवं इग्वाना झाडावर बसून ऊन खातं. हे काय, शाळा काढलीत?" "आता ही." त्यांनी कार्ड धरलं. जवळ नेलं, लांब नेलं. "काही दिसत नाही." "ही तुमच्या कापसाची." मग त्यांनी काउंटरवरचा कप उचलला, मागच्या मोरीत रिकामा केला, कपही फोडला आणि ओले हात तसेच धरून परत आले. "पोरगी?" "वाचेल." "डोळा?" "तोही." त्यांनी नाक शिंकरलं, मोठ्यानं, रुमालात. "आउरिस्तेला," ते म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा नावानं. "तू बाकीच्या दुकानांत जाऊ नकोस. तू गेलीस तर म्हणतील सरकार आलं, आणि टाचणी काउंटरखाली ठेवतील. मी जातो. मला ते ऐकतील, कारण मी त्यांच्यापेक्षा जास्त टोचलंय." दुकानाला कुलूप लावून, उन्हात, टोपी घालून ते निघाले. जाताना मागे वळून ओरडले, "आणि यापा काय देऊ आता, ते तू सांग!" मी म्हटलं, "पेरूची वडी द्या." ते खरंच ती देतात आता. गल्लीतल्या पोरांचे डोळे वारंवार दुखायला लागले आहेत, असं ताई म्हणते.

फूल लगेच गेलं नाही. आधी वाढायचं थांबलं, मग आक्रसलं, मग कडेला नखाच्या कडेएवढी पुसट रेघ उरली. पट्टी सुटली त्या दिवशी मी प्रयोगशाळेतून कार्ड आणि साराची एक स्वच्छ नळी खिशात घालून आणली होती. नेरेइदाला खिडकीशी बसवलं. ताई दाराशी, ओठ मिटून, जपमाळ मुठीत. "डावा डोळा झाक," मी म्हटलं. "बोटांच्या फटीतून बघायचं नाही." "मी काय लबाड आहे?" "आहेस. झाक." उजव्या डोळ्यासमोर मी नळी धरली आणि नळीच्या मागं कार्ड. नेरेइदा बघत राहिली. "हिरवं," ती म्हणाली. थांबली. "हिरवं इग्वाना. झाडावर बसून. ऊन खातं." मग लहान ओळ. मग सगळ्यांत लहान, नाक पुढे काढून, एकेक शब्द सोलून काढावा तशी. ताईनं भिंतीला टेकून हुंदका दिला. माझा हात तसाच वर राहिला. मला तो खाली घेता येईना. नेरेइदानं डाव्या डोळ्यावरचा हात काढला नाही. ती त्या एकाच डोळ्यानं नळीवरून वर, माझ्याकडे बघत होती. "मावशीआजी," ती म्हणाली, "तुझ्या चष्म्याच्या काचेवर बोटाचा ठसा आहे. या बाजूला, खाली. पूस आधी."